गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि मनाची कसरत

(तृतीय वर्ष कला, मानसशास्त्र)

“काय ग, घाबरलीस का?”

२०२५ च्या सप्टेंबरात आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धेसाठी आपल्या मुलींच्या संघाची यादी जिमखान्याच्या फलकावर लागली. तीत माझे नाव नव्हते. त्या दिवसापासून वर्गात, कँटीनमध्ये, एस.टी.च्या थांब्यावर मला हा एकच प्रश्न ऐकावा लागला. विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. दोन वर्षे संघाची पहिली चढाई मीच करीत आले होते. हे माझे महाविद्यालयातील शेवटचे वर्ष. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला सात महिने होऊन गेले होते आणि मी जिने धडाधड चढत-उतरत होते. मग खेळायला काय हरकत होती? तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. खरे उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखे नव्हते. आपल्या वार्षिकाने चार पाने देऊ केली, म्हणून आता ते सविस्तर लिहीत आहे.

मी या विषयातील तज्ज्ञ नव्हे. मानसशास्त्राची एक विद्यार्थिनी आणि एका दुखऱ्या गुडघ्याची मालकीण, एवढाच माझा अधिकार.

गुडघ्यात काय तुटते?

२०२५ च्या जानेवारीतला एक सराव सामना. मी कोपऱ्याला हात लावला आणि परत फिरण्यासाठी उजवा पाय मॅटवर रोवला. पाय जागेवर राहिला, अंग वळले आणि गुडघा आत कलला. आतून ‘कट्’ असा आवाज आला. मला कोणी धरले नव्हते की पाडले नव्हते. पुढे समजले की ही दुखापत बहुधा अशीच होते. धक्का न लागता, धावताना एकदम थांबल्यावर, वळताना किंवा उडी मारून उतरताना. एकाच खेळात मुलांपेक्षा मुलींना तिचा धोका अधिक असतो, हेही तेव्हाच कळले.

मांडीचे हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या मध्यभागी बांधणारे दोन अस्थिबंध असतात. ते फुलीसारखे एकमेकांवरून जातात. त्यांतल्या पुढच्याला डॉक्टर मंडळी ‘ए.सी.एल.’ म्हणतात. नडगी पुढे सरकू नये आणि वळताना गुडघा पिळला जाऊ नये, ही राखण तो करतो. सरळ रस्त्याने चालणाऱ्या माणसाचे त्याच्यावाचून एक वेळ भागते. पण चढाई करणाऱ्याचे, फुटबॉल खेळणाऱ्याचे किंवा खो-खोत खांबाला वळसा घालणाऱ्याचे भागत नाही. हा बंध तुटला की हाडासारखा आपोआप नीट जुळून येईल, असा भरवसा नसतो. म्हणून अशा खेळाडूंच्या बाबतीत बहुधा मांडीच्या मागच्या स्नायूंची किंवा गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा घेतात, हाडांत बोगदे पाडतात आणि तिथे नवा बंध बसवतात. माझी शस्त्रक्रिया फेब्रुवारीत झाली.

बसवलेली कंडरा पहिल्याच दिवशी अस्थिबंध होत नाही. सुरुवातीच्या काही आठवड्यांत ती उलट दुबळी होते, मग तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि पुढे कित्येक महिने ती हळूहळू अस्थिबंधाचे रूप घेत जाते. दरम्यान सूज उतरते, दुखणे थांबते, चाल सुधारते आणि माणूस बरा झालेला दिसतो. आतले काम मात्र चालूच असते.

बरे झालेले गुडघे, न परतलेले खेळाडू

ऑस्ट्रेलियातील संशोधिका क्लेअर अर्डर्न आणि त्यांचे सहकारी यांनी या शस्त्रक्रियेवरील ४८ अभ्यास एकत्र करून २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांत ५,७७० रुग्णांची माहिती होती. तपासणीत सुमारे ९० टक्के लोकांचे गुडघे ठीक किंवा जवळजवळ ठीक निघाले. कोणत्या ना कोणत्या खेळाकडे परतलेले लोक ८२ टक्के होते. पूर्वीच्या पातळीवर मात्र ६३ टक्केच पोहोचले आणि स्पर्धात्मक खेळात परतलेले तर ४४ टक्केच. म्हणजे गुडघा बरा होऊनही पुष्कळ जण मैदानाबाहेर राहिले. खेळ कमी का केला किंवा सोडला का, याचे सर्वांत जास्त वेळा सांगितले गेलेले कारण होते ‘पुन्हा दुखापत होईल ही भीती’.

हा निष्कर्ष आमच्या मानसशास्त्राच्या बाईंनी मला दाखवला, तेव्हा पहिल्यांदा मला माझी लाज वाटेनाशी झाली. तोवर मी समजत होते की भित्री मी एकटीच आहे.

शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. फिजिओथेरपिस्ट ताई म्हणाल्या, “मांडी आवळ.” मी मनात सगळा जोर लावला. मांडी ढिम्म हलली नाही. डावा पाय ऐकत होता, उजवा ऐकतच नव्हता. मला रडू कोसळले. पुढे कळले की यात स्नायूचा दोष नसतो आणि माझाही नव्हता. सांधा सुजला की तिथून जाणाऱ्या संदेशांमुळे मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला आवरून धरते. स्नायू शाबूत असतो, पण त्याला पुरता हुकूमच पोहोचत नाही. मन आणि गुडघा ही दोन वेगळी खाती आहेत, अशी माझी समजूत होती. ती त्या खाटेवरच गेली.

मग प्रश्न असा की गुडघ्यासाठी रोज दोन तास व्यायाम असतो, तसा मनासाठी काही आहे का? आहे. तो शिकता येतो, त्याला साहित्य लागत नाही आणि त्याचा उपयोग मला कसा झाला, तेच पुढे सांगते.

पहिली कसरत : ध्येयाचे तुकडे

सुरुवातीला माझे एकच ध्येय होते, ‘सप्टेंबरची स्पर्धा’. फेब्रुवारीत कुबड्या घेऊन बसलेल्या मुलीला सप्टेंबर म्हणजे दुसरा ग्रह. त्या ध्येयाने उत्साह येण्याऐवजी रोज हिरमोड होई. जमिनीवर मांडी घालून जेवता येत नाही, उकिडवे बसता येत नाही, न्हाणीघरात आईचा हात धरावा लागतो, आणि म्हणे चढाई करणार!

बाईंनी एक शंभर पानी वही आणायला सांगितली. वहीत दूरचे ध्येय शेवटच्या पानावर. पहिल्या पानावर फक्त या आठवड्याचे, आणि तेही आपल्या हातात असणारे. ‘गुडघा लवकर वाकावा’ हे ध्येय नव्हे, ती इच्छा झाली. ‘दिवसातून चार वेळा दहा दहा मिनिटे टाच उशीवर ठेवून गुडघा सरळ करीन’ हे ध्येय. ते केले की खूण करायची, नाही केले तर का नाही, ते एका ओळीत लिहायचे. एडविन लॉक यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले होते की ‘जमेल तेवढे कर’ असे मोघम सांगण्यापेक्षा नेमके आणि थोडे अवघड ध्येय दिले की माणूस अधिक काम करतो. हे तत्त्व मी प्रथम वर्षाला पाठ केले होते. समजले मात्र वहीतल्या खुणांनी. एप्रिलच्या अखेरीस मागची पाने चाळली, तेव्हा ज्याला मी ‘काहीच प्रगती नाही’ म्हणत होते, ती प्रगती ओळीने उभी होती.

दुसरी कसरत : दम

कबड्डीपटूला दमाचे महत्त्व सांगायला नको. एका श्वासात चढाई करायची आणि तो सुटण्याआधी परत यायचे, हा आपल्या खेळाचा जुना कणाच. पण दम धरायला शिकलेली मी दम सोडायला शिकले नव्हते. व्यायामाच्या टेबलावर गुडघा वाकवण्याची वेळ आली की मी श्वास रोखी, दात आवळी, खांदे कानाला लावी. अंग आवळले की गुडघाही आवळतो, दुखणे वाढते आणि पुढच्या खेपेची धास्तीही वाढते.

यावर दोन उपाय शिकले. एक, सावकाश श्वास : चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर, आणि गुडघा वाकवायचा तो श्वास सोडताना. दुसरा, स्नायू ओळीने आवळून सैल सोडणे. अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२९ च्या आपल्या ग्रंथात ही पद्धत मांडली. मूठ पाच सेकंद आवळायची, मग सोडायची आणि सैलपणा कसा लागतो, तिकडे लक्ष द्यायचे. मग दंड, खांदे, कपाळ, जबडा, पोट, पाय. शस्त्रक्रिया झालेला पाय सुरुवातीला वगळायचा. रात्री झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटे पुरतात. वेदना नाहीशी होते असे मी म्हणणार नाही; पण वेदनेवर चढलेले भीतीचे व्याज कमी होते.

तिसरी कसरत : मनातल्या मनात खेळणे

डोळे मिटून चढाई करायची. ऐकायला हे पोरखेळ वाटते, मलाही वाटले. पण अमेरिकेतील ओहायो विद्यापीठात ब्रायन क्लार्क यांच्या चमूने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग पाहा. निरोगी माणसांचे मनगट चार आठवडे प्लास्टरमध्ये ठेवले. काहींनी त्या काळात आठवड्यातून पाच दिवस, मनगटाचे स्नायू जोराने आवळत असल्याची नुसती कल्पना केली. ज्यांनी काहीच केले नाही त्यांची ताकद ४५ टक्क्यांनी घटली. कल्पना करणाऱ्यांची २४ टक्क्यांनी. हात दोघांचेही प्लास्टरमध्येच होते.

गुडघ्याविषयीचा प्रयोग त्याहूनही जुना आहे. डेबोरा क्यूपल आणि ब्रिटन ब्रूअर यांनी २००१ मध्ये ए.सी.एल.ची शस्त्रक्रिया झालेल्या ३० जणांचे तीन गट केले. एका गटाला नेहमीच्या व्यायामाबरोबर शिथिलीकरण आणि कल्पनाचित्रांच्या दहा बैठका दिल्या. दुसऱ्या गटाला फक्त लक्ष आणि धीर दिला. तिसऱ्याला नेहमीचेच उपचार. चोवीस आठवड्यांनी पहिल्या गटाच्या गुडघ्यात अधिक ताकद होती, आणि दुखणे व पुन्हा दुखापतीची चिंता कमी होती. तीस माणसे म्हणजे फार नव्हेत, हे संख्याशास्त्राच्या तासाला बसलेला कोणीही सांगेल. तरी दिशा स्पष्ट आहे.

माझी अडचण वेगळीच होती. डोळे मिटले की चढाई सुरू होई, कोपऱ्याला हात लागे, उजवा पाय रोवला जाई आणि ‘कट्’! चित्र रोज तिथेच तुटे. म्हणजे मी मनात सराव करीत होते तो दुखापतीचाच. बाईंनी सांगितले, “चढाई सोड. आधी नुसती मॅटवर चालून ये.” मग पंधरा दिवस मी मनात मॅटवर चालले. पायाखालचा स्पर्श, घामाचा वास, ओरडणाऱ्या मुलींचे आवाज, सगळे भरायचे. आणि स्वतःला बाहेरून पाहायचे नाही, आपल्याच डोळ्यांनी समोरचा संघ पाहायचा. पुढे निदान रेषेपर्यंत, मग हात लावण्यापर्यंत. वळण्याची वेळ आली तेव्हा ते अगदी संथ केले : पाऊल लहान, गुडघा वाकलेला, वजन पावलावर. चित्र तुटले की मागे जाऊन तिथूनच पुन्हा. पहिले अखंड वळण मला साधले ते जूनच्या पहिल्या पावसात, माजघरात खाटेवर पडल्या पडल्या.

चौथी कसरत : स्वतःशी बोलणे

मनाशी बोलणे हे आपल्या मराठी माणसाला नवे नाही. रामदासांचे ‘मनाचे श्लोक’ २०५ आहेत आणि ते मनालाच उद्देशून आहेत; आमच्या घरी ते आजोबा रोज संध्याकाळी म्हणत. क्रीडा-मानसशास्त्र सांगते, तुम्ही स्वतःशी बोलतच असता. काय बोलता ते एकदा कागदावर उतरवून पाहा. मी उतरवले. ‘गेला गुडघा’, ‘आता संपले’, ‘सगळ्या पुढे गेल्या’. हे जर मी मैत्रिणीला म्हणाले असते, तर तिने माझ्याशी बोलणे सोडले असते.

त्यांच्या जागी ‘मी अजिंक्य आहे’ असली वाक्ये घालून उपयोग होत नाही. मनाला खोटे लगेच कळते. उपयोगी पडतात ती छोटी, कृती सांगणारी वाक्ये. उडी मारून उतरताना ‘मऊ उतर’. वळताना ‘गुडघा बोटांच्या रेषेत’. दुखले की ‘हे ताणाचे दुखणे, तुटण्याचे नव्हे’. पण हे शेवटचे वाक्य फिजिओथेरपिस्ट ताईंकडून फरक नीट समजून घेतल्यावरच म्हणायचे.

पाचवी कसरत : पायरी पायरीने

भीती युक्तिवादाने जात नाही. ज्याची भीती वाटते ते सोप्या रूपात, पुन्हा पुन्हा, सुखरूप करून पाहिले की ती उतरते. आमची उतरंड अशी होती : मॅटवर चालणे, धावणे, धावून थांबणे, ठरलेल्या ठिकाणी वळणे, शिट्टी वाजेल तेव्हा वळणे, समोर एक मुलगी, पण धरायचे नाही, मग सांगून धरायचे, आणि सर्वांत शेवटी न सांगता. प्रत्येक पायरीवर भीतीला दहापैकी किती गुण, ते वहीत लिहायचे. गुण तीनपर्यंत उतरल्याखेरीज आणि फिजिओथेरपिस्ट ताईंनी मान हलवल्याखेरीज पुढची पायरी नाही.

या काळात सरांनी मला आणखी एक काम दिले, सराव सामन्यांत गुण लिहिण्याचे. आधी वाईट वाटले. पण खेळाडूची सगळी ओळख जर खेळातच गुंतलेली असेल, तर खेळ थांबला की तो स्वतःलाच हरवून बसतो. रोज संध्याकाळी मैदानावर माझी वाट पाहिली जाते, एवढ्या गोष्टीने मला सावरले. जखमी खेळाडूला ‘आराम कर’ म्हणून घरी बसवणाऱ्या सर्वच संघांनी याचा विचार करावा.

तर मग, घाबरले होते का?

आता मूळ प्रश्नाकडे येते.

खेळात परतण्याची मानसिक तयारी मोजणारी एक प्रश्नावली केट वेबस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तयार केली. तीत बारा प्रश्न आहेत : भावना, आत्मविश्वास आणि धोक्याचा अंदाज यांविषयीचे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी ती भरली, आणि त्याच दिवशी एका पायावर लांब उडी मारण्याची चाचणीही दिली. उजव्या पायाची उडी डाव्याच्या ८२ टक्के भरली. साधारणपणे किमान ९० टक्क्यांची अपेक्षा धरतात. प्रश्नावलीचे गुण मात्र चांगले आले होते! सहा महिन्यांच्या कसरतीने मन तयार झाले होते आणि पाय मागे राहिला होता.

त्याच सुमारास नॉर्वेच्या हेगे ग्रिंडेम यांचा २०१६ चा अभ्यास वाचनात आला. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके लांबवले, तितका प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचा दर सुमारे निम्म्याने घटला होता. माझे सात महिने झाले होते. विनेश फोगाटचेही उदाहरण डोळ्यांसमोर होते. २०१६ मध्ये रिओला गुडघा निखळून तिला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तिने सुवर्णपदक मिळवले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा गुडघा गेला, तेव्हा ती त्या वर्षीच्या आशियाई स्पर्धेतून बाजूला झाली आणि मुंबईत शस्त्रक्रिया करून घेतली. एवढ्या मोठ्या खेळाडूने स्पर्धा सोडली, तर माझ्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची काय कथा? असे स्वतःला समजावले खरे, पण ती माझी शेवटची स्पर्धा होती. यादीत माझे नाव घालू नका, असे सरांना मीच सांगितले, आणि त्या रात्री मी जेवले नाही.

म्हणून माझे उत्तर असे : भीती होती. तिला मी सहा महिने रोज मोजत होते आणि ती पुष्कळ उतरलीही होती. मी थांबले ते उडी कमी भरली म्हणून. मनाच्या कसरतीचा अर्थ भीती दडपून मैदानात उतरणे असा अनेकजण घेतात. कोणती भीती खोटी आणि कोणती खरी सूचना देणारी, हे ओळखता येणे हाही त्या कसरतीचाच भाग आहे. आणि ही कसरत डॉक्टरांच्या उपचारांची जागा घेत नाही. ती त्यांच्या जोडीने चालते.

डिसेंबरात चाचणी ९३ टक्क्यांवर गेली. २०२६ च्या जानेवारीत मी सरावात पहिली खरी चढाई केली. कोपऱ्यातल्या मुलीने घोटा धरला, मी पडले, बाद झाले. सगळ्या जणी धावत आल्या. मी उठून कपडे झटकले. बाद झाल्याचा इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता.

प्राध्यापकवर्गाला एक विनंती. आपल्याकडे जिमखाना आहे आणि मानसशास्त्र विभागही आहे. दोघांत एका जिन्याचे अंतर आहे. जखमी खेळाडूला या जिन्याची वाट कोणी तरी दाखवायला हवी. मला ती योगायोगाने सापडली.

गेल्या महिन्यात आपल्या खो-खो संघातील प्रथम वर्षाची एक मुलगी कुबड्या घेऊन माझ्याकडे आली. तीच दुखापत, तीच शस्त्रक्रिया. “ताई, मी कधी खेळेन?” तिने विचारले. मी तिला तारीख सांगितली नाही. एक कोरी शंभर पानी वही दिली, आणि शेवटच्या पानावर तिच्याच हाताने ‘खेळणे’ असे लिहायला लावले. मग आम्ही दोघींनी मिळून पहिले पान भरायला घेतले.